एका घासाला तीनशे

तलवाड्याच्या गहिनीनाथबुवांनी नरक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला तेव्हा त्यांना पंचावन्नावं लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर नरक त्यांना आवडला.

यात नवल काही नाही. माणूस चाळीस वर्षं एखाद्या गावाचं वर्णन करत असेल, तिथल्या वाटा, पाणवठे, वेशीवरचे पहारेकरी सगळं तोंडपाठ सांगत असेल, आणि स्वतः मात्र तिथं कधी गेला नसेल, तर ते गाव दिसल्यावर त्याला आनंदच व्हायचा. बुवांच्या कीर्तनाला गेवराईपासून चौसाळ्यापर्यंत गर्दी लोटायची ती काही देवाचे गुण ऐकायला नव्हे. कृष्णाच्या खोड्या कुणीही सांगाव्यात. यमदूतांनी पाप्याला केसाला धरून काट्यांतून ओढत न्यायचं असलं, की मात्र गहिनीनाथबुवाच पाहिजेत. बाया पदराचा बोळा तोंडात धरत, पाटील-देशमुख माना खाली घालत आणि दुसऱ्या दिवशी मारुतीपुढं नारळांचा खच पडे. बुवांचं मत असं होतं की माणूस गोडीगुलाबीनं देवाकडं जात नाही, त्याला गुरासारखं मागून हाकावं लागतं. ते काम देवानं आपल्याकडं दिलंय अशी त्यांची पक्की समजूत होती. कामाचा त्यांना थोडा माजही होता.

त्या साली जालन्याचे बंकटशेठ हलत्या चित्रांचा तंबू घेऊन बीडला आले होते. बोलणारी चित्रं अजून यायची होती. तंबूत एक पांढरं कापड पाण्यानं भिजवून ताणायचं, एका माणसानं यंत्राचा दांडा फिरवायचा आणि कापडावर माणसं मुकाट्यानं धावायची, मरायची. मधेच अक्षरं उमटत ती गुजरातीत. बीडच्या पेठेत गुजराती वाचणारे दोन-चार कापडवाले होते, आणि ते फुकट वाचून दाखवायला तयार नव्हते. चित्र यमलोकाचं होतं. पहिल्याच दिवशी यमाची मिशी एका बाजूनं सुटली आणि तंबूभर लोक पोट धरधरून हसले. नरकात हसू! बंकटशेठच्या तोंडचं पाणी पळालं. कुणीतरी त्यांना सांगितलं की खंडेश्वरीच्या देवळात एक बुवा कीर्तनाला आलेत, त्यांना विचारा.

बुवा आधी कुरकुरले. देवाधर्माच्या गोष्टी तंबूत तमाशासारख्या दाखवायच्या म्हणजे काय? मग बंकटशेठनी त्यांना एकट्याला खुर्चीवर बसवून चित्र दाखवलं. उकळत्या तेलाची कढई. करवतीनं चिरलेला माणूस. आगीच्या वेळी चित्र लालभडक व्हायचं, कारण पट्टीवर हातानं रंग भरलेला होता. आणि शेवटी ती बाई. पुढ्यात अन्नाचं ताट घेऊन ती बसलेली, भुकेनं कासावीस झालेली. घास उचलते, तोंडाशी नेते आणि घास पेट घेतो. टाकते, दुसरा उचलते, तोही पेटतो. मग दोन यमदूत येतात आणि तिचं तोंड धरून त्या जळत्या ताटात दाबतात.

बुवांच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षं आपण शब्दांनी जे करत होतो ते इथं आयतं तयार होतं. फक्त त्याला आवाज नव्हता.

"ती बाई कोन हाय?" त्यांनी विचारलं.

"बाई कुठली, बाप्या आहे तो. मिशी काढलेला. नाटकात काम करतो," बंकटशेठ म्हणाले. "बायका कुठं येतात असल्या कामाला? तुम्ही बोलाल ना बुवा यावर?"

बुवा बोलायला तयार झाले.

दोन दिवसांनी ते धडुती-कपडे न्यायला आणि या खेपेला गावीच राहिलेला आपला मृदंगवाला बिभीषण याला सोबत घ्यायला तलवाड्याला आले. बिभीषण चाळिशीचा गडी, बारा वर्षं बुवांच्या मागं उभा राहून वाजवत आलेला. बुवा श्वास कुठं घेणार हेसुद्धा त्याला ठाऊक असायचं. तो एका पायावर तयार झाला. घरात मात्र बायकोनं, चंद्रभागाबाईनं, ज्वारी पाखडता पाखडता सूप खाली ठेवलं.

"तमाशाच की त्यो," ती म्हणाली.

"तमाशा कावून? नरक हाय त्यो. लोकं चळाचळा कापतील."

"कापल्यावर काय करतील?"

"घरी जातील. सुधारतील."

"का दुसऱ्या दिशी पुन्हा बघाया येतील?"

"तुला न्हाई कळायचं," बुवा म्हणाले. त्यांना राग आला, कारण तिला कळत होतं.

"न्हाई कळत. मला नगा दाखवू म्हंजे झालं," ती म्हणाली आणि सूप पुन्हा उचललं.

या बाईची एक गोष्ट इथंच सांगायला हवी. सत्तावीस वर्षांमागं मोठा दुष्काळ पडला तेव्हा ती विशीची होती. बुवा सरकारी कामावर खडी फोडायला गेले होते, ती दीड महिन्याचं तान्हं घेऊन घरी. उतरंडीच्या तळच्या गाडग्यात अर्धी भाकरी होती, रात्रीसाठी झाकून ठेवलेली, म्हणजे अंगावर दूध राहील. दुपारी दारात एक पोरगं येऊन उभं राहिलं. कुणाचं, कुठलं, कुणास ठाऊक. सहा-सात वर्षांचं असेल. ते काही मागत नव्हतं, नुसतं चुलीकडं बघत होतं. तिनं म्हटलं, "काई न्हाई रं बाबा, म्होरल्या घरी जा." पोरगं वळलं, समोरच्या लिंबाखाली जाऊन बसलं आणि दिवस मावळायच्या आत मेलं. तिनं रात्री ती भाकरी खाल्ली. आठ दिवसांनी तिचं तान्हंही गेलं. पुढं तिला मूल झालं नाही.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही. पंधरा-सोळा वर्षांनी एका दुपारी वाकळ शिवताना नवऱ्याला सांगितली आणि सुई हातात धरून त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या घटकेला ते बुवा नव्हते, नुसते नवरा होते. ते म्हणाले, "देवानं तुझं लेकरू नेलं. फिटलं तुझं." तो एक शब्द तिनं गाठीला बांधून ठेवला होता. त्या जोरावर ती जेवत होती.

बीडला तंबू दोन आठवडे चालला. पहिल्या खेळाला बुवा पडद्याशेजारी उभे राहिले, बिभीषणनं मृदंगावर खालच्या अंगाची थाप दिली आणि यमाची मिशी सुटली तेव्हा कुणी हसलं नाही. कढईत माणूस पडताना बाया किंचाळल्या. दोघी-तिघींना धरून बाहेर न्यावं लागलं. बुवांना इतकी मोठी किंकाळी चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

आठवडाभरात एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. लोक पुन्हा पुन्हा येत होते. करवतीचा तुकडा संपला की मागून आरोळी यायची, "फिरून दावा!" पाप्याला चिरताना पुढच्या रांगेतले गडी मांड्यांवर थापा मारत. ही माणसं नरकाला भीत नव्हती, ती दुसऱ्या कुणाला तरी चिरताना बघायला येत होती. हे बुवांना स्पष्ट दिसलं. चंद्रभागेचं बोलणंही आठवलं. त्यांनी ते बाजूला सारलं, कारण गर्दी वाढत होती आणि वाढती गर्दी हा देवाचा कौलच असतो अशी त्यांनी मनाची समजूत घातली. माणसाला जे हवं असतं त्यात त्याला कौल बरोबर दिसतो.

मग तंबू चौसाळ्याला गेला. तिथं तिसऱ्या दिवशी घात झाला. ताटावरच्या बाईनं घास उचलला, घास पेटला, बुवा नेहमीचं सांगत होते की अतिथीला विन्मुख पाठवणारीची ही गत होते, एवढ्यात अंधारातून कुणीतरी ओरडलं, "बाई, फुकून खा की जरा!"

अख्खा तंबू हसला. बिभीषणसुद्धा हसला.

बुवांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कीर्तनकाराचा एक रिवाज असतो. श्रोता हातातून निसटला की पोथीतला दृष्टान्त सोडायचा आणि घराजवळचा घ्यायचा. बुवांनी तो घेतला. "हसता?" ते म्हणाले. "ही बाई कुठली म्हनून इचारा की. ह्याच मुलखातली हाय. दुष्काळात हिच्या गाडग्यात अर्धी भाकर व्हती..."

त्यांनी सगळं सांगितलं. दारातलं पोरगं सांगितलं, चुलीकडं बघणारे डोळे सांगितले, लिंबाचं झाड सांगितलं. "म्होरल्या घरी जा" म्हणताना बायकोचा आवाजही काढला. तान्हं मेल्याचं मात्र सांगितलं नाही, कारण ते सांगितलं असतं तर लोकांना बाईची दया आली असती. पडद्यावर यमदूतांनी तिचं तोंड ताटात दाबलं तेव्हा बायांच्या बाजूनं जो हंबरडा उठला तो बीडच्या किंकाळीहून निराळा होता. त्या तंबूत दुष्काळ पाहिलेल्या बाया होत्या आणि प्रत्येकीच्या दारातून कुणी ना कुणी परत गेलेलं होतं.

खेळ सुटल्यावर बंकटशेठनी बुवांचे पाय धरले. बुवांनी स्वतःला समजावलं की तोंडातून निघून गेलं. नाव घेतलं नाही, गाव घेतलं नाही, कुणाचं काय बिघडलं? दुसऱ्या दिवशी मात्र ते तोंडातून निघून गेलं नाही, त्यांनी ते नेमक्या जागी बसवलं. चौथ्या दिवसापर्यंत त्यांना कळलं होतं की "म्होरल्या घरी जा" म्हटल्यावर क्षणभर थांबायचं. त्या थांबण्यात बिभीषण एकच थाप द्यायचा. ती थाप ऐकून बुवांना स्वतःलाच रडू यायचं आणि ते खरं रडू असायचं. त्याचीच मला जास्त चीड येते.

चैत्रात तलवाड्याच्या देवीची जत्रा. तंबू तिथं पाच दिवस. तहसीलीतून इजाजत आली, माळावर खुंट ठोकले गेले, आणि गावचा माणूस म्हणून बुवांची छाती वीतभर वर आली. घरच्या गावात तो दृष्टान्त सांगावा का, हा विचार त्यांच्या मनात आला होता. आला नव्हता असं म्हणता येणार नाही. पण चार दिवस चंद्रभागाबाई तंबूकडं फिरकली नाही. ती येणार नव्हती, तिनंच तसं सांगितलं होतं. मग गावाला आपला सगळ्यात चांगला खेळ कावून दाखवू नये?

पाचव्या दिवशी शेजारची चतुराबाई घरात शिरली आणि तिनं चंद्रभागाबाईचा हातच धरला. "आवं, तुमच्या मालकांचं नाव समद्या मुलखात झालंय आन तुमी चुलीपुढं बसून ऱ्हाता? लोकं काय म्हनतील?" चंद्रभागाबाईनं डोक्यावर पदर घेतला आणि ती गेली.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. बुवा त्या दिवशी असे बोलले की बिभीषणला साथ करणं कठीण जाऊ लागलं. "म्होरल्या घरी जा," ते बाईच्या आवाजात म्हणाले आणि थांबले. थाप पडली. बायांच्या बाजूनं रडण्याचा लोंढा आला. आपल्या गावचं रडणं, बुवांना वाटलं, याची चवच वेगळी.

कंदील लागले, लोक उठले. बायांच्या बाजूला एकच बाई बसून राहिली होती, आणि ती पडद्याकडं बघत होती. पडदा नुसतं ओलं कापड होता.

ती उठली. घरी आली, चूल पेटवली, भाकरी थापल्या, नवऱ्याला वाढलं. बुवा मान खाली घालून जेवले. मग तिनं आपलं ताट घेतलं, तुकडा मोडला, तोंडाशी नेला आणि खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"म्या तुझं नाव घेतलं न्हाई," बुवा म्हणाले.

"नाव कशाला पायजे? माझंच तोंड व्हतं."

"अगं, त्यो बाप्या हाय! मिशी काढलेला! बंकटशेठच्या तोंडून ऐकलंय म्या."

"मंग तुमी कावून रडत व्हता?"

बुवांनी खरकटा हात ताटात धुतला. तिनं ताट सारलं. "तुमी म्हनला व्हता फिटलं," ती हळू आवाजात म्हणाली. "पोरगं लिंबाखाली बसलं ते सांगितलं. माझं लेकरू गेलं ते न्हाई सांगितलं. म्हंजे यमाच्या दारी ते हिशेबात धरलंच न्हाई. फिटलं न्हाई."

दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. पाणी घ्यायची, ताकाचा घोट घ्यायची. भाकरीला हात लावला की हात मागं यायचा. चौथ्या दिवशी बुवा तिला धरून माळावर घेऊन गेले. गाड्या वेळेवर न मिळाल्यानं तंबू उतरवणं अजून चाललं होतं. त्यांनी बंकटशेठना हात जोडले आणि म्हटलं, "हिला ती पट्टी दावा. खोटी हाय ते दावा."

बंकटशेठ भला माणूस होता. जवळच्या गड्याला त्यांनी विडी विझवायला लावली, म्हणाले, "या पट्टीला ठिणगी लागली की भडकन पेटते." मग डबा उघडून हातभर पट्टी काढली आणि उन्हावर धरली. "बघा बाई. ही अशी बारीक बारीक चित्रं असतात. एकापुढं एक पळवली की हलल्यासारखं वाटतं. आणि ही आग बघा, आम्ही कुंचल्यानं भरली आहे. रंग आहे नुसता."

चंद्रभागाबाईनं डोळे बारीक केले. नखाएवढी बाई, नखाएवढं ताट, त्यावर लाल ठिपका. तिच्याखाली तीच बाई, तेच ताट, तोच ठिपका. तिच्याखाली पुन्हा ती.

"ही समदी तीच?" तिनं विचारलं.

"तीच."

"हर एकात जळती?"

"हर एकात," बंकटशेठ म्हणाले. आता त्यांना आपल्या मालाचा अभिमान आवरेना. "एक घास उचलून टाकायचा म्हणजे अशा तीनशे लागतात. तीनशेच्या तीनशे ठिकाणी हातानं आग भरायची. मेहनत आहे बाई!"

चंद्रभागाबाईनं पट्टीला बोटही लावलं नाही. ती मागं सरली. "एका घासाला तीनशे," ती म्हणाली. वाटेनं येताना तिनं हे आणखी दोनदा म्हटलं. बुवा तिला समजावत राहिले की ते चित्र आहे, रंग आहे, बाप्या आहे. ती मान हलवत होती, आणि ती कुठल्या गोष्टीला मान हलवत होती हे बुवांना कळत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची डबी काढली. वर बेलाचं पान ठेवलं आणि डबी नवऱ्यापुढं सरकवली. आपल्याकडं बेलभंडार उचलून बोललेला शब्द म्हणजे शेवटचा शब्द. चावडीवर कुणी तो उचलला तर पुढं पाटीलही बोलत नाही. त्यावर खोटं बोलायला कुणी धजत नाही.

"चित्र खोटं हाय, त्ये पटलं मला," ती म्हणाली. "आता येकच सांगा. नरक खरा हाय का न्हाई? न्हाई म्हना. बेलभंडार उचला आन न्हाई म्हना. म्या आत्ता जेवते."

चुलीवर भाकरी होती. ती खरंच जेवणार होती. चिमूटभर हळद उचलायची आणि एक शब्द बोलायचा, एवढंच काम होतं.

बुवांचा हात डबीपर्यंत गेला. पण बेलभंडार उचलून खोटं बोलणाऱ्याचं पुढं काय होतं हे त्या घरात त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? तापल्या सांडशीनं जीभ कशी धरतात, मुळापासून कशी उपटतात, ती पुन्हा उगवते आणि पुन्हा कशी उपटतात, हे त्यांनी शेकडो वेळा सांगितलं होतं, आवाज काढून सांगितलं होतं. आता तो आवाज त्यांच्याच कानात बोलू लागला. नरक असलाच तर? त्यांना नक्की माहीत नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांना छातीठोक सांगितलं आणि आता विचारल्यावर खरं काय ते माहीतच नव्हतं. बायकोसाठी जीभ द्यायची वेळ आली आणि बुवांनी जीभ राखली.

"असं इचारू ने," ते म्हणाले. "देवाच्या गोष्टी हायेत." आणि त्यांनी हात मागं घेतला.

चंद्रभागाबाई त्या हाताकडं बघत राहिली. मग तिनं डबी उचलून परत देव्हाऱ्यात ठेवली. "मंग हाय," ती म्हणाली.

ती अठरा दिवस जगली. शेवटी शेवटी अंगणात बाया जमायच्या, बिभीषण येऊन भजन म्हणायचा. ती त्यांच्यापुढं हात जोडून ती गोष्ट स्वतःच सांगायची, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "म्या भाकर झाकून ठिवली व्हती," म्हणायची, "आन म्या ती खाल्ली." बाया म्हणायच्या, "आवं, आमी बी झाकून ठिवल्या व्हत्या की." ते तिला ऐकू येत नसे. अखेरच्या दिवशी बुवांनी तुळशीचं पान आणि पाण्याचा घोट तिच्या ओठांशी नेला. पळीतलं पाणी दिव्याच्या उजेडात लाल चकाकलं. तिनं ते पाहिलं, दात आवळले आणि तोंड फिरवलं. घोट गालावरून उशीवर गेला. ती कोरड्या तोंडानं गेली.

बुवांनी कीर्तन सोडलं. वीणा आढ्याला टांगली. लोक म्हणाले, बायकोच्या दुःखानं सोडलं, केवढा जीव होता. बुवांनी लोकांना तसं म्हणू दिलं.

पुढच्या चैत्रात बंकटशेठचा तंबू पुन्हा माळावर उभा राहिला. चित्र तेच, थोडं झिजलेलं. पडद्याशेजारी आता बिभीषण उभा राहत होता. मृदंगाला त्यानं दुसरा माणूस घेतला होता. चार दिवस बुवा घरात बसून लांबून येणाऱ्या किंकाळ्या ऐकत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी देव्हाऱ्यातली डबी उपरण्याच्या गाठीला बांधली, बेलाचं पान सोबत घेतलं, आणि ते जाऊन मागच्या रांगेत बसले.

कढई झाली, करवत झाली. "फिरून दावा" झालं. मग ताट आलं.

"ही बाई वळखली का?" बिभीषण म्हणाला. आवाज त्यानं उतरवला होता, बुवा उतरवायचे तसाच. "लांबची न्हाई. ह्याच तलवाड्याची. एका मोठ्या हरिदासाची बायकू. मरताना तिच्या तोंडात पानी शिरलं न्हाई, ह्या डोळ्यांनी बघितलंय म्या. कावून? दुष्काळात हिच्या दारात येक पोरगं आलं. बाई काय म्हनली? म्होरल्या घरी जा."

आणि तो थांबला. थाप पडली. जागा अचूक होती.

बुवा उभे राहिले. "खोटं हाय!" ते ओरडले. "त्यो बाप्या हाय! रंग हाय समदा! ह्ये बघा, बेलभंडार उचलून सांगतो!" त्यांनी गाठ सोडली आणि पिवळी मूठ वर धरली. यंत्राच्या उजेडात ती सगळ्यांना दिसली. तंबू गप्प झाला. बेलभंडार उचललेल्या माणसापुढं कुणी बोलत नाही. दांडा फिरवणाऱ्या गड्याचाही हात क्षणभर मंदावला.

बिभीषणनं हात जोडले. त्याच्या मनात वाईट नव्हतं, बारा वर्षं त्यानं या माणसाला गुरू मानलं होतं. "बुवा, चित्र खोटं हाय त्ये आमाला ठावंच हाय की," तो नम्रपणे म्हणाला. "नरकाचं सांगा. न्हाई म्हना, म्या आत्ता तोंड मिटतो."

सगळा तंबू मान वळवून बुवांकडं बघत होता. कितीतरी बाया होत्या त्यात, पदराचे बोळे तोंडात धरलेल्या. त्यांनाही ते ऐकायचं होतं. बुवांनी तोंड उघडलं. जीभ जागच्या जागी होती, शाबूत होती, आणि हलत नव्हती. मुठीतून हळद गळून पुढच्या माणसाच्या मुंडाशावर पडली.

"खाली बस बे म्हाताऱ्या," कुणीतरी म्हणालं. "दिसंना आमाला."

बुवा खाली बसले. दांडा पुन्हा जोरात फिरू लागला. पडद्यावरच्या बाईचं तोंड त्यांनी दीड महिना रोज पाहिलं होतं. जाड मानेचा, मिशी काढलेला बाप्या होता तो. त्यांनी त्या मिशीची जागा शोधली, मान शोधली. बाप्या काही दिसेना. चंद्रभागेनं घास उचलला, आणि त्या एका घासाची दोनशे नव्व्याण्णव चित्रं अजून यायची होती.